ज्वारी कोंबडीला चालते, पण कोणती ज्वारी?

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. नागपूरच्या कळमना मार्केटात एका अडतीपुढे ज्वारीचे तीन ढीग पडले होते. पहिला टपोरा, पांढराशुभ्र, भाकरीचा माल. दुसरा परतीच्या पावसात सापडलेला, राखाडी-काळपट, मूठभर घेतला की बोटं मळणारा. तिसरा पांढराच, पण दाण्यादाण्यावर जांभळट डाग. माझ्यासोबत उमरेड रोडला कोंबडीखाद्याचा छोटा कारखाना चालवणारा एक मित्र होता. तो सरळ काळ्या ढिगापाशी जाऊन उकिडवा बसला.

"भाऊ, मका परवडून नाही राहिला. हे काळं वालं पडत्या भावात देऊन राहिले. कोंबडीले चालते ना ज्वारी?"

मी खाद्याचे फॉर्म्युले करून देतो, त्यामुळे हा प्रश्न दर हंगामात माझ्याकडे येतो. त्याचं उत्तर 'हो' असंही देता येत नाही आणि 'नाही' असंही. 'ज्वारी' हे एकच नाव असलं तरी त्या नावाखाली किमान चार वेगवेगळे माल विकले जातात. शिवाय चांगला माल आणूनही तो कसा दळला आणि किती वाफवला यावर निम्मा खेळ असतो.

आधी पैशाची बाजू. ब्रॉयलर कोंबडी साधारण ३८ ते ४२ दिवसांत दोन-सव्वादोन किलोची होऊन विक्रीला जाते. तिला वाढवण्याच्या खर्चातला ६५ ते ७० टक्के खर्च एकट्या खाद्याचा. त्या खाद्यात निम्म्याहून जास्त मका, आणि उरलेल्यात मुख्य म्हणजे सोयाबीनची पेंड, म्हणजे आपल्या भाषेत डीओसी. इथेनॉलच्या कारखान्यांनी मका ओढायला सुरुवात केल्यापासून पोल्ट्रीवाल्यांना कापरं भरलेलं आहे. मग नजर ज्वारीकडे वळते. पण २०२४-२५ चा हमीभाव बघा: मका क्विंटलला २,२२५ रुपये, हायब्रीड ज्वारी ३,३७१. म्हणजे चांगली ज्वारी कोंबडीला घालणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. कोंबडीच्या वाट्याला परवडणारी ज्वारी येते ती बहुधा माणसाने नाकारलेली: पावसाने काळी पडलेली, बारीक, डागाळलेली. म्हणून दाण्याची प्रत हा इथे हौसेचा विषय नाही.

पहिली भीती टॅनिनची. 'ज्वारीत टॅनिन असतं, कोंबडी खात नाही' हे वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. टॅनिन म्हणजे कच्ची सुपारी किंवा कच्चं केळं चावल्यावर जीभ आवळून धरणारा तुरटपणा. ते प्रथिनांना चिकटतं. खाद्यातल्या प्रथिनांना चिकटतंच, शिवाय पक्ष्याच्या पोटातले पाचक रसही प्रथिनांचेच बनलेले, त्यांनाही धरून बसतं. जास्त टॅनिनच्या ज्वारीवर वाढ खुंटते, हे खरं आहे. पाखरं अशा कणसाला तोंड लावत नाहीत म्हणून काही देशांत ती मुद्दाम पेरतात; आपल्यासारखं माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायचं काम वाचतं.

पण आपल्याकडची पांढरी ज्वारी, मालदांडी असो की बहुतेक हायब्रीड वाण, जवळपास टॅनिनमुक्त असते. आणि रंगावरून टॅनिन ओळखता येत नाही. लाल ज्वारी म्हणजे टॅनिनची ज्वारी हा समज चुकीचा. दाण्याच्या वरच्या सालीचा रंग वेगळा आणि सालीखाली असणारा टॅनिनचा थर वेगळा. दोन्हींची जनुकंही वेगळी. ऑस्ट्रेलियात लाल ज्वारी कोंबड्यांना सर्रास घालतात, तिच्यात हे टॅनिन नसतं. बघायचंच असेल तर पातळ ब्लेडने दाण्याची साल खरवडा. खाली गडद तपकिरी थर दिसला तर संशय घ्या, सरळ पांढरं पीठ लागलं तर सोडून द्या. प्रयोगशाळेत यासाठी दाणे कॉस्टिक मिसळलेल्या ब्लीचमध्ये टाकतात. साल विरघळते, टॅनिनवाले दाणे काळे पडतात, बाकीचे पांढरे राहतात. तो प्रकार घरी करू नका.

म्हणजे नागपूरच्या बाजारात टॅनिनला घाबरायचं फारसं कारण नाही. घाबरायचं ते बुरशीला.

खरिपाची ज्वारी दाणा भरून पिकायला येते तेव्हाच परतीचा पाऊस गाठतो. कणीस ओलं, हवा दमट, ऊन नाही. मग फ्युजेरियम, कर्व्ह्युलेरिया, अल्टरनेरिया अशा बुरशी दाण्यात घुसतात. मालदांडी या फेऱ्यातून सुटते, कारण ती रब्बीची. कोरड्या हवेत पिकते. विदर्भात मात्र ज्वारी म्हणजे मुख्यतः खरीप, म्हणून हे दुखणं आपल्याच वाट्याला. (खरीप ज्वारीचं बरंचसं रान सोयाबीनने खाल्लं, त्यामागे हेही एक कारण आहे.)

बुरशी लागलेला दाणा हलका होतो, पिठूळ होतो, त्यातली ऊर्जा बुरशीने आधीच खाल्लेली असते. एवढ्यावर भागलं असतं तर हिशोबात धरता आलं असतं. पण काही बुरशी विष सोडतात. फ्युजेरियमचं फ्युमोनिसिन, साठवणुकीत वाढणाऱ्या अ‍ॅस्परजिलसचं अफ्लाटॉक्सिन. अफ्लाटॉक्सिन सरळ लिव्हरवर बसतं, आणि खाद्याच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, पाडणाऱ्या मशीनच्या वाफेने ते मरत नाही. 'शिजवलं की जातं' असं म्हणणारे खूप भेटतात. बुरशी मरते, विष तिथेच राहतं.

१९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही खेड्यांत अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी, पोटात गुडगुड आणि जुलाबाचा त्रास झाला. तपासात धान्यात फ्युमोनिसिन सापडलं. त्या घरांतलं धान्य नेऊन एक दिवसाच्या कोंबड्यांच्या पिलांना घातलं, तर त्यांनाही जुलाब लागले. बुरशीचं धान्य 'जनावराला चालतं' म्हणणाऱ्याला मी हे आवर्जून सांगतो.

आता जांभळे डागवाला तिसरा ढीग. त्याला लोक काळ्या ढिगाचा सख्खा भाऊ समजतात. पण काही वाणांत दाण्याभोवतीच्या तुसाचा जांभळा रंग पावसात ओघळून दाण्यावर उतरतो. तो नुसता डाग. दाणा दाताखाली धरा: कट्ट आवाज करून फुटला, आतून घट्ट पांढरा निघाला, वास स्वच्छ असला तर माल धडधाकट आहे. काळ्या ढिगातला दाणा दाताखाली मऊ पिचतो आणि नाकाला कुबट लागतो. अजून एक साधी तपासणी आहे. एकच डबा घ्या, दोन्ही ज्वारी काठोकाठ भरून सपाट करा आणि वजन करा. पायलीवर धान्य मोजणाऱ्या आपल्या आजोबांना हे ठाऊक होतं, की माप तेच असलं तरी हलक्या दाण्याचं वजन भरत नाही. ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास हवा. त्याहून ओला माल कारखान्याच्या पत्र्याखाली पोत्यांच्या थप्पीत रचला, तर शेतात न लागलेली बुरशी तिथे लागते.

समजा, माल चांगला मिळाला. आता फॉर्म्युला.

ज्वारीची ऊर्जा मक्याच्या जवळपास, किलोमागे ५० ते १०० किलोकॅलरी कमी धरा. टनामागे ३०० किलो मका काढून ज्वारी घातली तर ही तूट भरायला तीन-पाच किलो तेल पुरतं. खरा फसवा आकडा प्रोटीनचा आहे. मक्यात प्रोटीन ९ टक्के धरलं तर ज्वारीत १०. कारखानदार खूश होतो: ३०० किलोमागे तीन किलो प्रोटीन फुकट मिळालं, तर साडेसहा किलो डीओसी कमी करू. कागदावर प्रोटीन तंतोतंत जुळतं. पक्षी मात्र उपाशी राहतो.

कोंबडीला प्रोटीन हवं असतं ते त्यातल्या अमिनो आम्लांसाठी, आणि धान्यात त्यातल्या लायसिनची टंचाई आधी भासते. ज्वारीत लायसिन मक्याहूनही थोडं कमी. ३०० किलोच्या अदलाबदलीत शंभरेक ग्रॅम तिथे गेले. वर काढलेल्या साडेसहा किलो डीओसीसोबत १८० ग्रॅमच्या आसपास गेले. एका टनाला फिनिशर, म्हणजे विक्रीआधीच्या शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यात ११ किलोच्या घरात लायसिन लागतं, त्यातून पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम गायब. टक्केवारीत छोटं दिसतं, पण पिलाच्या छातीवरचं मांस यावरच भरतं. उपाय सोपा आहे: डीओसी कमी करू नका, किंवा कमी केली तर बाजारात मिळणारं लायसिन त्या मापाने वाढवा. आणि हिशोब एकूण प्रोटीनवर नको, पचणाऱ्या अमिनो आम्लांवर करा.

'पचणाऱ्या' हा शब्द ज्वारीच्या बाबतीत फार जड आहे.

ज्वारीच्या प्रोटीनमधला अर्ध्याहून अधिक भाग काफिरिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्यात लायसिन जवळजवळ नसतंच. शेतात नत्र जास्त टाकून ज्वारीचं प्रोटीन वाढवलं तर ती वाढही मुख्यतः काफिरिनचीच असते. म्हणून जास्त प्रोटीनची ज्वारी म्हणजे चांगली ज्वारी असं समजू नये. हे काफिरिन दाण्यात बारीक गोळ्यांच्या रूपात स्टार्चच्या कणांना दाटीवाटीने चिकटून बसलेलं असतं. प्रत्येक गोळी म्हणजे एक भरलेलं पोतं समजा. आतला माल पचायला तितका वाईट नाही. पण पोत्याच्या बाहेरच्या कापडात गंधक असलेली अमिनो आम्लं खच्चून भरलेली असतात. ओली उष्णता मिळाली की हे गंधक शेजारच्या गंधकाला जाऊन जोडतं आणि टाक्यावर टाका पडत जातो. सुतळीने पोत्याचं तोंड शिवून टाकावं तसं. मग पाचक रस बाहेर हात चोळत उभे. आतलं प्रोटीन तर हुकतंच, पण या शिवलेल्या पोत्यांच्या गराड्यात अडकलेला स्टार्चही उशिरा आणि अपुरा पचतो.

गहू, मका शिजवले की पचायला हलके होतात, हा आपला अनुभव. ज्वारीचं प्रोटीन त्याच्या उलट वागतं. पेरूमध्ये लहान मुलांना ज्वारीच्या पिठाची पेज देऊन केलेला एक अभ्यास १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्या पेजेतलं निम्म्याहूनही कमी प्रोटीन मुलांच्या अंगी लागलं. हे वाचून कुणी भाकरी सोडू नये. आपण ती वरण, पिठलं, अंडं, दूध यांच्यासोबत खातो, प्रोटीनसाठी एकट्या ज्वारीवर विसंबत नाही. आणि आपल्या स्वयंपाकघराने या पोत्याच्या शिवणीवर तोडगेही काढलेले आहेत. आंबीलीचं पीठ आंबवलं की प्रोटीन पचायला सोपं होतं. नागपंचमीच्या लाह्या घ्या. तिथे उष्णता असते पण पाणी फक्त दाण्यातलं. दाणा आतून फुटतो तेव्हा आतली सगळी बांधणीच विस्कटते. प्रयोगशाळेत मोजलं तरी लाह्यांचं प्रोटीन शिजवलेल्या ज्वारीपेक्षा बरं पचताना दिसतं.

कारखान्यात नेमकी पेजेसारखी स्थिती असते. दळून मिसळलेल्या भुकटी खाद्याला, म्हणजे मॅशला, कंडिशनरमध्ये वाफ देतात, मग साच्यातून दाबून पेलेट पाडतात. वाफेचं तापमान ८५-९० अंशांच्या पुढे नेलं की पेलेट टणक, चकचकीत, भुगा कमी, गिऱ्हाईक खूश. मक्याच्या खाद्याला ते एकवेळ खपतं. ज्वारीच्या खाद्यात तुम्ही त्याच वेळी पोती शिवत असता.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका फार्मला मी निम्म्या मक्याच्या जागी ज्वारी घालून खाद्य दिलं. दाणा उत्तम, फॉर्म्युला नीट, लायसिन बरोबर. पेलेट इतके सुंदर की फोटो काढावेत. तिसऱ्या आठवड्यापासून वजन मागे पडू लागलं. रोग नाही, मरतुक नाही, खाणंही ठीक. फार्मवाल्या ताई मला शेडमध्ये घेऊन गेल्या, जमिनीवर अंथरलेल्या तुसावरची थोडी विष्ठा पिठाच्या चाळणीत घेतली आणि नळाखाली धरली. घाण वाहून गेली. चाळणीत ज्वारीच्या पांढऱ्या कण्या उरल्या, काही तर आख्खे दाणे.

"हे तुमचं खाद्य," त्या म्हणाल्या. "जसं आलं तसं गेलं."

दोन चुका एकाच चाळणीत दिसत होत्या. वाफ जास्त, ही एक. दुसरी दळणाची. हॅमर मिलची जाळी मक्यासाठी बसवलेली होती. मक्याचा दाणा केवढा, ज्वारीचा केवढा! मोठ्या भोकांच्या जाळीतून ज्वारीचे बारके दाणे हातोडी न लागताच आख्खे निसटतात. तेव्हापासून ज्वारी दळायची असेल तर जाळी वेगळी, साधारण तीन मिलिमीटरची, आणि शक्यतो ज्वारी स्वतंत्र दळून मग मिसळायची.

पण मैदाही करायचा नाही. कोंबडीला दात नाहीत, तिचं जातं पोटात. आपण कलेजी-पेटा म्हणतो त्यातला पेटा म्हणजेच ते जातं, जाड स्नायूंचा घट्ट गोळा. त्याला दळायला काही मिळालं तर तो धष्टपुष्ट होतो, अन्न जास्त वेळ घुसळतो, पुढे आतड्यात पचनाला तयार माल पाठवतो. सगळं पिठासारखं बारीक आलं की पेटा आळशी होतो, लहान राहतो. अख्ख्या दाण्याचं गणितही म्हणून सरसकट वाईट नाही. ज्या पक्ष्याचा पेटा लहानपणापासून भरड खाऊन तयार झाला आहे, तो थोडी अख्खी ज्वारी सहज दळतो. त्या फार्मवरच्या पक्ष्यांना सुरुवातीपासून बारीक क्रंबल, म्हणजे पेलेटचा चुरा, मिळाला होता, आणि मग अचानक हे निसटलेले दाणे.

मग पेलेटच नको का? तसंही नाही. पेलेटवर पक्षी जास्त खातो, निवडून टाकत नाही, सांडत नाही. ब्रॉयलरच्या वाढीत याचा वाटा फार मोठा आहे. ज्वारी असली तरी मॅशपेक्षा पेलेट फायद्याचाच. फक्त वाफेवर हात आवरायचा. सत्तरीच्या वरच्या टोकाला थांबा, पेलेट थोडे मऊ आले तरी चालतील. सिडनी विद्यापीठातला एक गट वर्षानुवर्षं ज्वारी आणि ब्रॉयलर याच विषयावर काम करतो. त्यांनी खाद्यात सोडियम मेटाबायसल्फाइट घालून हे गंधकाचे टाके उसवण्याचेही प्रयोग केले. आपल्या छोट्या कारखान्यांना मी अजून त्या वाटेला पाठवत नाही. वाफेचा वॉल्व्ह आवळायला पैसे लागत नाहीत.

एन्झाइमचं थोडक्यात. ज्वारीतला बराचसा फॉस्फरस फायटेटच्या रूपात बांधलेला असतो, तो कोंबडीला स्वतःहून सोडवता येत नाही. तो सोडवणारं फायटेज हे एन्झाइम घालाच, तेही उष्णता सोसणारं, नाहीतर कंडिशनरमध्ये त्याचा बळी जातो. गव्हाच्या खाद्यात चालणारं झायलानेज इथे फारसं काम करत नाही, कारण गव्हाचा तो चिकटपणा ज्वारीत नाही. त्याचा फायदा असा की विष्ठा चिकट होत नाही आणि तूस कोरडा राहतो.

एक प्रश्न हमखास येतो: ज्वारीने कोंबडी फिकट पडते का? पडते. मक्यातला पिवळा रंग ज्वारीत नाही, म्हणून कातडी आणि चरबी पांढरट राहते. अंड्याच्या कोंबड्यांसाठी ही खरी अडचण, फिकट बलक कुणाला आवडत नाही. पण नागपुरात ब्रॉयलर घेणारा दुकानातच कातडी काढून घेतो, आणि सावजीच्या काळ्या रश्श्यात मुरगी कोणत्या रंगाची होती हे विचारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

कळमन्यात त्या दिवशी मित्राला काळ्या ढिगापासून उठवायला अर्धा तास लागला. शेवटी डब्यात भरून वजन केलं, तेव्हा काळा माल जांभळ्या डागाच्या मालापेक्षा सरळ हलका निघाला. डागवाला भाकरीच्या मालापेक्षा बराच स्वस्त होता. त्याने तो वीस कट्टे घेतला. पहिल्या लॉटला टनामागे दीडशे किलोच घालायचं ठरलं, तेही फिनिशरमध्ये, लहान पिलांच्या खाद्यात नाही. जीप भरताना म्हणाला, "जाळी बदलून टाकतो भाऊ, ते सोपं आहे. पण वाफ कमी कर म्हटलं तं मशीनवाला मिस्त्री ऐकत नाही. त्याले चकचकीतच पेलेट पायजे."

मी म्हटलं, त्याला एक चाळणी घेऊन शेडवर पाठव.